तीन गुंजा दारू

सोमवारी सकाळी कोनाड्यातला डबा गेल्याचं कळलं, तेव्हा दौलतराव चऱ्होलीहून तडक चौकीवर गेले. तोंड धुवायचंही राहिलं.

डब्यात बंदुकीची दारू होती. फौजेतून हवालदार होऊन परतल्यावर त्यांनी रानडुकरांसाठी एक छोटी कार्बाइन घेतली होती. विकतच्या काडतुसांनी ती कधी उजवीकडे मारी, कधी डावीकडे, आणि एकदा जत्रेत ताशेवाल्याच्या ताशावर. म्हणून ते काडतुसं घरीच भरत. दारू सोनाराच्या काट्यावर गुंजांनी तोलायची. तोलायचं काम त्यांच्या बायकोचं, यशोदाबाईंचं. जत्रेत खांबावरचा नारळ मालकांच्याच गोळीनं फोडून वाहीन, असा नवस त्यांनी म्हसोबाला केला होता. तीन वर्षं नारळ वाचला. यंदा नेमकं वजन सापडलं, आणि चैत्रात यशोदाबाई गेल्या. जत्रा येत्या रविवारी होती.

चौकीत जमादार हिंदुराव बसले होते. परभणीकडून नवेच आलेले.

"काय गेलं?"

"दारू."

हिंदुरावांनी टाक खाली ठेवला. दारूबंदी आल्यापासून दारूसकट सापडलेली माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. दारू गेली म्हणून फिर्याद द्यायला आलेला हा पहिलाच.

"परवाना?"

"हाय की. कलेक्टरसायबाच्या सहीचा."

तब्येतीसाठी काहींना असा परवाना मिळतो, हे जमादारांना ठाऊक होतं. त्यांचा आवाज उतरला. "किती लागते?"

"तीन गुंजा. चार झाल्या की नेम जातो."

"तीन गुंजांत काय होतंय हो?"

"डुक्कर आडवं व्हतंय."

जमादारांनी ते लिहून घेतलं नाही. घरचे काही म्हणत नाहीत का, एवढंच विचारलं.

"मंडळी होती तवर तीच भरून द्यायची. तिचा हात हलका. ती गेली, तवापास्नं एकटाच भरतो."

हिंदुराव उठले आणि स्वतःच्या तांब्यातलं पाणी त्यांनी दौलतरावांना दिलं. म्हणाले, "सोडून द्या आता, भाऊ."

"कसं सोडू? रविवारी देवापुढं, समद्या गावादेखत करायचंय. मंडळीचा नवस हाय."

असला नवस जमादारांनी परभणीतही ऐकला नव्हता. ते दोन शिपाई घेऊन चऱ्होलीला आले. दौलतरावांची दारू चोरीला गेल्याची बातमी त्यांच्या आधी पोचली होती. दौलतराव घेतात हेच कुणाला माहीत नव्हतं, त्यामुळे झडती बघायला सगळी आळी जमली.

शेजारच्या अंबुबाई आपणहून डबा घेऊन पुढे आल्या.

"भावजी, ह्यो तर न्हवं?"

यशोदाबाई आणि त्या वीस वर्षं एकाच डब्यातली मिश्री दातांना लावत. डबा तसलाच, आतली भुकटी तशीच काळी. मैत्रिणीची आठवण म्हणून त्यांनी तो गेल्या आठवड्यात नेला होता. "पर ह्या बारीची लई खारट निघाली. मग घरची तंबाखू भाजली, कुटली अन् मिसळली निम्मी."

दौलतराव ओट्यावर खाली बसले. जमादारांनी डबा हुंगला. सरळ तंबाखूचा वास आला.

"ही मिश्री आहे. दारू कुठाय?"

"हीच दारू," दौलतराव म्हणाले.

अंबुबाई काळे दात दाखवून हसल्या. जमादार मात्र हसले नाहीत. त्यांनी पंचनाम्यात लिहिलं, 'पत्नीच्या शोकामुळे फिर्यादी मिश्रीस दारू समजतो.' मग डबा दोन्ही हातांनी परत दिला.

नव्या दारूला पंधरा दिवस लागणार होते. दौलतरावांनी डबा चाळून पाहिला, पाखडून पाहिला. तंबाखू काही निघेना. शेवटी त्यातल्याच तीन गुंजा यशोदाबाईंच्या काट्यावर तोलून त्यांनी काडतूस भरलं.

रविवारी देवळापुढे त्यांनी नेम धरला आणि चाप ओढला. कार्बाइन खोकली. गोळी बाहेर आली आणि पाच पावलांवर पडली. पाठोपाठ पिवळा धूर निघाला. तो सावकाश गर्दीवर पसरला, तसे ताशेवाले खाली बसले, पुजाऱ्यांना भोवळ आली, आणि मिश्री न लावणाऱ्या बायका एकमेकींना धरून उभ्या राहिल्या.

बंदोबस्तावरचे हिंदुराव खांबाला टेकले. डोकं गरगरत असतानाच त्यांनी खिशातून पंचनामा काढला, 'मिश्री' खोडलं आणि 'दारू' लिहिलं.

नारळ उतरवून देवळात ठेवला. यशोदाबाईंचा नवस फेडायचा राहिला आहे.