चार नवे टायर आणि एक लाल फडकं

बर्फात चालवायच्या पिकअपला टायर कुठले घ्यावेत, हे मला विचारा! या विषयावर बोलायचा अधिकार आमच्या गावात आता फक्त मला आहे. गॉर्डला नाही. तो टायर विकतो, तो बोलणारच! माझा शेजारी वासिल, त्याला तर मुळीच नाही. त्याच्या गाडीचे टायर माझ्या डोक्यापेक्षा गुळगुळीत आहेत, आणि माझ्या डोक्यावर निदान कानापाशी तरी थोडं काही शिल्लक आहे.

तसं मी आयुष्यात काही निवडलेलंच नव्हतं. आमच्या घरात निवडायचं खातं स्टेफाकडे. पडदे तिने निवडले, बटाट्याचं बियाणं तिने निवडलं, मलाही तिनेच निवडलं. तेवढा एक अपवाद सोडला, तर तिची निवड कधी चुकली नाही. गेल्या फेब्रुवारीत ती गेली. तेव्हापासून दुकानात साबण घ्यायचा म्हटलं तरी मी फळीसमोर खांबासारखा उभा राहतो.

आमचा नाताळ जुन्या पंचांगाने, जानेवारीत येतो. त्या दिवशी चर्चला जाताना वळणावर माझी पिकअप गर्रकन फिरली आणि घराकडे तोंड करून रस्त्याकडेच्या खड्ड्यात जाऊन बसली. मी दार उघडून बाहेर येईपर्यंत बातमी विनिपेग शहरात, आमच्या लेकीपर्यंत पोचलीसुद्धा! संध्याकाळी आमच्या लारिसाचा फोन.

"बाबा, खड्ड्यात पडलात?"

"पडलो नाही. उतरलो."

"ट्रॅक्टर लावून ओढून काढलं म्हणे!"

"कोण म्हणालं?"

"कोण म्हणालं नाही ते विचारा! बाबा, आता पुरे झालं. इकडे या. माझ्याच इमारतीत खालचा फ्लॅट रिकामा होतोय."

तो फ्लॅट मी पाहिला आहे. खिडकी उघडली की समोर दुसरी खिडकी, आणि त्या खिडकीत एक मांजर. दिवसभर ते आपल्याकडे बघणार आणि आपण त्याच्याकडे! आणि इथे चर्चच्या मागे टेकाडावर स्टेफा आहे. रोज सकाळी मी गाडी काढतो, तिच्या दगडावरचा बर्फ झाडतो, काल काय झालं ते सांगतो आणि परत येतो. विनिपेगहून हे कसं जमायचं?

मी नाही म्हटलं. ती हो म्हणाली. मी पुन्हा नाही म्हटलं. शेवटी आईसारखाच आवाज काढून ती म्हणाली, "बरं, पुढच्या महिन्यात आईच्या वर्षदिनाला, रविवारी, मी बसने येतेय. हमरस्त्यावरच्या थांब्यावर मला घ्यायला या. बर्फ असला तरी या! नीट, सरळ, कुठेही न उतरता घरी नेलंत, तर विनिपेगचं नाव काढणार नाही. नाहीतर सामान बांधायचं."

"कबूल!" मी म्हणालो. आणि फोन ठेवल्यावर घाम पुसला.

दुसऱ्याच दिवशी गॉर्डचं दुकान गाठलं. वासिलही बरोबर आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. त्याला कधीच कुणी बोलावत नाही.

"काका, तुमचे आत्ताचे टायर बारमाही आहेत," गॉर्ड म्हणाला.

"मग चांगलंच की! बाराही महिने चालतात."

"बाराही महिने थोडे थोडे चालतात. कडक थंडीत त्यांच्या रबराचा दगड होतो. हे बघा, हे हिवाळी. दाबून बघा, थंडीतसुद्धा मऊ. आणि हे चिन्ह बघा, डोंगर आणि त्यात हिमाचं फूल. हे असेल तरच खरं."

"चित्र बघून टायर घेतात होय?" वासिल कडाडला. "ओरेस्ट, खिळ्यांचे घे! माझ्या बापाने जन्मभर खिळ्यांचेच वापरले."

"नुसत्या काचेसारख्या बर्फावर खिळे उत्तम, वासिलकाका. पण हे काका रोज झाडलेल्या रस्त्याने चर्चला जाणार. सारखे कडकड वाजतील!"

"वाजू देत! हरणं आपणहून बाजूला होतील. आणि हे बघ, चार घेऊ नकोस. मागे दोन पुरे. जोर लावतात मागचे. पुढचे नुसते बरोबर येतात, लग्नातल्या पाहुण्यांसारखे!"

"अहो, पुढच्यांनीच वळायचं असतं! मागचे पकडणार, पुढचे घसरणार, आणि काका पुन्हा खड्ड्यात!"

दोघांची जुंपली. मी मात्र शांतपणे स्टेफाची पद्धत काढली. ती बियाण्याचे बटाटे निवडायची तशी! एकेक टायर अंगठ्याने दाबला, नखाने खरवडला, नाकाशी नेला.

"काका, टायर हुंगून काय कळतं?"

"तुला नाही कळणार."

मलाही काही कळलं नव्हतं. पण एका टायरला अंगठा लावला आणि मनाने सांगितलं, हाच! मऊ रबराचा, खोल नक्षीचा, डोंगर आणि फूल दोन्ही असलेला. चारही चाकांना तोच बसवला. पिकअपचा मागचा भाग रिकामा असला की शेपटी हलवतो, म्हणून तिथे वाळूची पोती टाकली. आयुष्यात पहिल्यांदा मी एक गोष्ट स्वतः निवडली होती. परत येताना मी शीळ घालत होतो. वासिलने दोनदा माझ्याकडे वळून पाहिलं.

वर्षदिनाच्या आदल्या दिवशी, शनिवारी वाटलं, रविवारच्या आधी टायरांची परीक्षा घ्यावी. परीक्षेला गोठलेल्या तळ्यासारखी जागा नाही! फेब्रुवारीत आमच्या तळ्यावरून लाकडं वाहणारे ट्रक जातात. मी गाडी थेट बर्फावर घातली, वेग घेतला आणि तिथे कुणीतरी तोडून आणून बर्फात रोवलेलं एक फरचं झाड खूण म्हणून धरलं. झाडाला लाल फडकं बांधलेलं होतं, लांबूनही दिसायचं. त्या झाडापाशी येऊन कचकन ब्रेक! गाडी जागच्या जागी उभी! पुन्हा फेरी, पुन्हा ब्रेक, पुन्हा उभी! खुंटीला बांधलेल्या गाईसारखी! मी गाडीत एकटाच टाळ्या वाजवल्या.

हळूहळू बर्फाला भोकं पाडून मासे धरायला आलेले लोक जमायला लागले. मला आणखीच चेव आला. उजवीकडून आलो, डावीकडून आलो. शेवटची फेरी तर अशी मारली की दार झाडाला घासून उभं! उतरलो तर चर्चमध्ये गाणारी जाडजूड पॉलिन पुढे झाली आणि माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "ओरेस्ट, फार मोठं काम केलंस!"

"छे, छे! नुसतं दाबून पाहिलं, झालं."

"स्टेफाला किती आनंद झाला असता!"

"हो ना! तिचीच पद्धत वापरली मी."

पॉलिन रडायलाच लागली. टायरांसाठी कुणी रडतं? पण मी म्हटलं, माणूस हळवं असतं एकेक. मग आणखी चारजणांनी पाठ थोपटली. एकाने तर टोपी काढली! एवढ्या थंडीत! गावाला टायरांची इतकी कदर आहे, हे मला माहीतच नव्हतं. मी फुगून गाडी तिथेच सोडली, किल्ली आमच्याकडे सगळेच सोडतात तशी आतच सोडली, आणि वासिलच्या मासेमारीच्या खोपटात कॉफी प्यायला गेलो.

तासाभराने बाहेर आलो. माझी निळी गाडी झाडाशेजारी नव्हती!

म्हणजे गाडी होती. निळी नव्हती. अर्धी नारिंगी होती! आणि आमच्या अग्निशमन पथकाची प्रमुख वेरा दारावर कुंचला फिरवत होती. भल्यामोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: "ही गाडी कधी बुडणार? अंदाज सांगा!"

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. लाल फडकं! साठ वर्षं मी हे बघत आलोय! दर हिवाळ्यात कुणीतरी आपली जुनी गाडी पथकाला देतो. इंजिन, तेल, चाकं काढून तिचा सांगाडा तळ्यावर ठेवतात. वसंतात बर्फ वितळून ती कुठल्या दिवशी, किती वाजता खाली जाते यावर सारं गाव तिकिटं घेतं. पैसे पथकाला. नंतर साखळीने सांगाडा बाहेर ओढतात. आणि रीत अशी की, देणारा तोंडाने काही बोलत नाही, लाल फडक्याच्या झाडाशी गाडी लावून, किल्ली आत ठेवून निघून जातो. त्याला विचारायचंही नाही. विचारणं वाईट दिसतं!

आणि मी नुसती लावली नव्हती. वाजतगाजत, सात-आठ फेऱ्या मारून लावली होती!

"वेरा!" मी ओरडत धावलो. "अगं वेरा, थांब!"

"आलात काका? बघा, जमलंय का." ती बाजूला झाली. दाराखाली छोट्या अक्षरांत आणखी एक ओळ होती: "स्टेफाच्या आठवणीत."

मी ती ओळ पुन्हा वाचली. गेल्या फेब्रुवारीत रस्ते बंद होते, तेव्हा ही वेरा आणि तिची माणसं स्टेफाला स्ट्रेचरवर घालून कमरेएवढ्या बर्फातून घेऊन गेली होती. तिला वाचवता आलं नाही, पण एकानेही स्ट्रेचर खाली टेकवलं नव्हतं.

"छान," मी म्हणालो. "अक्षर छान आहे."

"उद्या दुपारी इंजिन काढू."

"उद्या मला लारिसाला आणायचंय!"

"आणा की! शेवटची फेरी. मग या तळ्यावर." आणि तिने तिकिटांचा गठ्ठा पुढे केला. "तुम्ही घेणार?"

मी घेतलं! माझीच गाडी बुडायचं तिकीट!

घरी येऊन मात्र पक्कं ठरवलं, वेराला उद्या स्पष्ट नाही म्हणायचं. गाडी गेली तर टायर कशाला लावू, माझ्या बुटांना? गाडीशिवाय इथे राहणार कसा? लारिसा मला पिशवीत घालून विनिपेगला नेईल!

रविवारी सकाळी बर्फाने आभाळ आणि जमीन एक केली होती. पण टायर! काय सांगू तुम्हाला! गाडी रुळांवरून जावी तशी चालली होती. थांब्यावर लारिसा उभी. तिने गाडीकडे पाहिलं. पुढून पाहिलं, बाजूने पाहिलं. मग दार वाचलं.

"बाबा, यात बसायचं?"

"बस ना! एकदम सुरक्षित आहे."

"दारावर लिहिलंय, कधी बुडणार!"

"ते टायरांबद्दल नाहीये. बस तू, सांगतो."

वाटेत मी सगळं सांगितलं. ती डोक्यावरचा दांडा दोन्ही हातांनी धरून बसली होती. ज्या वळणावर मी उतरलो होतो त्याच वळणावर समोर हरीण! वासिलचे खिळे नव्हते, त्यामुळे ते बाजूला झालं नाही. मी ब्रेक दाबला. गाडी जराशी कुरकुरली आणि सरळ रेषेत, जाग्यावर उभी! हरणाने आमच्याकडे बघितलं, दारही वाचलं असावं, आणि सावकाश निघून गेलं.

"बघितलंस!" मी ओरडलो. "बघितलंस टायर! दाबून घेतलेत, हुंगून घेतलेत!"

"बघितले," लारिसा म्हणाली. "बाबा, टायर खरंच उत्तम आहेत. पास झालात तुम्ही."

मला तर नाचावंसं वाटलं! तशीच गाडी तळ्यावर घेतली. म्हटलं आता वेराला सांगतो आणि मोकळा होतो. लाल फडक्यापाशी निम्मं गाव उभं होतं. पॉलिनने लारिसाला छातीशी धरलं. वेराने दारावरची ती छोटी ओळ दाखवली. लारिसाने हातमोजा काढून त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मी घसा खाकरला.

"वेरा, मला जरा सांगायचंय..."

तेवढ्यात लारिसाने गाडीतली किल्ली काढली आणि वेराच्या हातात ठेवली!

"अगं!" मी तिला बाजूला ओढलं. "काय केलंस हे? पास झालो ना मी? तू शब्द दिला होतास!"

"शब्द पाळतेय की! विनिपेगचं नाव काढत नाही. राहा खुशाल इथेच."

"गाडीशिवाय?"

"गाडी नाही म्हणूनच! बाबा, मला या गावाची कधीच भीती वाटली नव्हती. मला तुमच्या गाडी चालवण्याची भीती वाटते. आज तर जन्मभराची वाटली!" मग आवाज खाली आणून म्हणाली, "आई गेल्यापासून तुम्ही कुणाच्या गाडीत बसला नाहीत, कुणाकडे जेवला नाहीत. पॉलिनमावशी सांगत होती. आता बसावं लागेल!"

टोपी खाली ओढण्यातच माझा बराच वेळ गेला.

संध्याकाळपर्यंत पिकअपचं इंजिन निघालं. चारही टायर मला परत मिळाले. गॉर्ड म्हणतो, वापरलेला माल घेत नाही. वासिलच्या गाडीला ते बसत नाहीत, आणि बसले असते तरी त्याने लावले नसते, त्याला खिळेच हवेत. खिळे तो पुढच्या वर्षी घेणार आहे. हे तो मी तरुण असल्यापासून सांगतो.

रोज सकाळी वासिल हॉर्न वाजवतो आणि मला टेकाडावर घेऊन जातो. मी दगडावरचा बर्फ झाडतो, स्टेफाशी बोलतो, तोवर हा खाली गाडीत गाणी लावून बसतो. येताना पॉलिनकडे नाश्ता. ते सगळं छान चाललंय. फक्त त्या वळणावर वासिलची गाडी आधी डावीकडे जाते, मग उजवीकडे, मग थोडा वेळ दोन्हीकडे! आणि टायरांचा जाणकार म्हणून गावभर ज्याचं नाव झालं, तो मी डोळे मिटून, दोन्ही हातांनी वरचा दांडा धरून बसतो. फुकट नेणाऱ्याला टायरांबद्दल काय बोलणार!