जाणकार कम्प्युटर

धुळ्यात देवपुरातल्या प्रेमराज नानांच्या घरी रविवारी सकाळी एकही माणूस आला नाही, तेव्हा त्यांनी आधी कॅलेंडर पाहिले. रविवारच होता. मग त्यांनी खिडकीतून शेजारी पाहिले. कुंदनच्या दारात चपलांच्या अकरा जोड्या होत्या, आणि त्यातली एक सुलक्षणाकाकूंची, म्हणजे नानांच्या सख्ख्या बायकोची होती.

पंधरा वर्षे गल्लीची गाण्यांची बैठक नानांकडे भरत होती. जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेल्या माणसाला पेन्शन मिळते, मान मिळत नाही. नानांचा मान त्या बैठकीत होता. ते डोळे मिटून मान हलवत आणि मग बाकीचे हलवत. आता पॉलिटेक्निकात शिकवणाऱ्या कुंदनने भंगारात निघालेला एक कम्प्युटर आणला, त्यात विंडोज काढून फुकटातले लिनक्स टाकले, एक आगपेटीएवढी डबी आणि दोन स्पीकर जोडले. म्हणे, फायलीतले आकडे ती डबी अस्सल आवाजात बदलते, आणि हे लिनक्स तिच्या कामात कसलीही लुडबुड करत नाही. नाना पहिल्याच दिवशी ते ऐकून आले आणि त्यांच्या पोटात दुखू लागले. आवाज वाईट असता तर दुखले नसते.

त्या दिवशी कुंदनने मोठ्या आदराने नानांच्या मोबाइलला आपले वाय-फाय जोडून दिले होते, वर एक ॲपही टाकले होते. "नाना, बसल्या जागेवरून गाणी बदला. तुमच्याइतकं कोणाला कळतं?"

तेच ॲप काढून टाकायला नाना घरात एकटे मोबाइल घेऊन बसले. चुकून भलतीकडे बोट पडले, आणि भिंतीपलीकडे चाललेले वरातीतले शिट्टीवाले गाणे गपकन थांबले. दोन घरांत भिंत एकच, त्यामुळे वाय-फाय इकडेही पोचत होते. नानांनी मोबाइलकडे पाहिले, भिंतीकडे पाहिले, आणि फार दिवसांनी त्यांना बरे वाटले.

दुपारी काकू आल्या त्या लालबुंद होऊन. "अहो, काय सांगू! ते घाणेरडं गाणं मशीननं आपणहून बंद केलं. पुढचं भजन मात्र पूर्ण वाजवलं."

"बिघडलं असेल," नाना म्हणाले.

पुढच्या रविवारी नाना कुंदनची पुरती फजिती करायच्या इराद्याने बसले. पण गोची अशी की चांगले गाणे मध्येच तोडायचे पाप त्यांच्या हातून होईना. बोट वर जाई, तेवढ्यात गाण्यातली एखादी जागा येई आणि नानांची मान हलू लागे. राग निघायचा तो फक्त भिकार गाण्यांवर. चार रविवारांत गल्लीभर झाले की कुंदनच्या कम्प्युटरला गाणे कळते.

तोताराम आबा हे नानांच्या बैठकीतले पहिल्या दिवसापासूनचे माणूस. तेच येऊन सांगू लागले. "नाना, पंधरा वरीस तुमनाकडे बठ्ठंच वाजे, चांगलं-वाईट. तठे फक्त चांगलंच वाजस."

नानांच्या अंगाची लाही लाही झाली. कान आपले, बोट आपले, आणि आरत्या त्या डबड्याच्या.

शिरपूरहून लोक पेन ड्राइव्ह घेऊन परीक्षा बघायला आले. पिंपळनेरचे जीवराम स्वतःच्या भजनी मंडळाचे रेकॉर्डिंग घेऊन आले. तिसऱ्या ओळीला पेटी आणि गायक यांची फारकत झाली, नानांनी बोट दाबले, आणि जीवराम कम्प्युटरला हात जोडून म्हणाले, "चुकलं. पुन्हा बसवतो." नानांना आता रविवारी घर सोडता येईना. जळगावला पुतणीचा साखरपुडा होता, तोही त्यांनी गुडघ्याचे निमित्त सांगून टाळला. सहन होईना आणि सांगताही येईना, अशी गत झाली.

दसऱ्याला कुंदनने कम्प्युटरची पूजा मांडली. झेंडूचा हार, स्क्रीनला कुंकवाचे बोट, पुढे नारळ. नाना मोबाइल खिशात घालून गेले आणि मागे बसले. तोताराम आबांनी अक्षता टाकल्या आणि म्हणाले, "इनासारखा जानकार धुळामा कोनी नही."

एवढे मात्र नानांना झेपले नाही. ते उठून उभे राहिले. "जाणकार कसला? मी बंद करत होतो गाणी. दर रविवारी. घरात बसून, या मोबाइलवरून."

सगळ्या माना मागे वळल्या.

"कुंदन, लाव ते शिट्टीवालं."

कुंदनने लावले. नानांनी बोट दाबले. गाणे चालूच राहिले. पुन्हा दाबले, अंगठ्याने दाबले. मोबाइलवर एक चक्र नुसते गरगर फिरत होते. गाणे सगळ्या शिट्ट्यांसकट शेवटपर्यंत वाजले.

"आज सण आहे, म्हणून मशीननं चालवून घेतलं," मागून कोणीतरी म्हणाले.

तोताराम आबांनी नानांच्या पाठीवर हात ठेवला. "मानूस मानूसवर जळस, ते समजस. तुम्ही मशीनवर कसाले जळतस?"

"चला घरी," काकू खाली बघत म्हणाल्या. "पित्त झालंय तुम्हाला."

कुंदन फाटकापर्यंत मागे आला. काकू पुढे गेल्याचे पाहून तो हळूच म्हणाला, "नाना, वाय-फायचा पासवर्ड मी सकाळीच बदलला. आज तुम्ही बोलणार, असं वाटतच होतं."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"पहिल्या रविवारपासून. कोणत्या मोबाइलवरून काय दाबलं ते कम्प्युटर लिहून ठेवतो."

"मग गप्प का बसलास?"

कुंदन फाटकाची कडी उगाच वरखाली करत राहिला. "लोकांना कळलं असतं तर सगळे परत तुमच्याकडे आले असते. मशीन मी आणलं, नाना, पण गाण्यातलं मला ओ की ठो कळत नाही. तुमच्याकडे कोपऱ्यात बसायचो, तुम्ही मान हलवली की हलवायचो. तेव्हापासून जळतोय तुमच्यावर."

एवढे बोलून त्याने नानांच्या हातात एक घडी केलेली चिठ्ठी दिली. "नवा पासवर्ड आहे. रविवारी... बघा बुवा."

नानांनी ती फाडायचे ठरवले आणि खिशात ठेवली.

रविवारी काकू शेजारी गेल्या. नाना भिंतीकडे पाठ करून पेपर वाचत बसले. आपण पुन्हा कोणाच्या मशीनचे कान व्हायचे नाही, हे त्यांनी देवापुढे उभे राहून ठरवले होते. पलीकडे एक बेसूर गाणे सुरू झाले. पहिले कडवे नानांनी दात आवळून सोसले. दुसरे सुरू झाले तेव्हा त्यांनी चिठ्ठी उलगडली, पण अक्षर फार बारीक होते, म्हणून ते चष्मा शोधायला उठले.