भेट: वाडीत

हे लिहायचं मी काही वर्षं टाळलं. जयवंत मास्तरांची गोष्ट सांगायची, तर माझ्या लाल पेनाचीही सांगावी लागते.

तलासरीच्या स्टँडवर मास्तर पहिल्यांदा भेटले, तेव्हा नमस्काराच्या आधी त्यांनी विचारलं, "साहेब, काल तुमच्या चुलीवर किती जण जेवले?"

"मी लॉजवर उतरलोय."

"म्हणजे चूल नाही. जनगणनेच्या भाषेत तुम्ही संस्थात्मक कुटुंब!" असं म्हणून त्यांनी माझी बॅग उचलली.

हा प्रश्न ते कंडक्टरला विचारत, लग्नातल्या वाढप्याला विचारत, इंजेक्शन भरणाऱ्या डॉक्टरलाही विचारत. निवृत्त प्राथमिक शिक्षक. तीन जनगणना केलेल्या. एका चुलीवर जेवतं ते एक कुटुंब, ही व्याख्या त्यांच्या अंगात भिनली होती. दोघा भावांनी भांडून चूल वेगळी केली, की गावाआधी मास्तरांना कळे.

२०१६, जनगणना कार्यालयातल्या माझ्या नोकरीचं शेवटचं वर्ष. जनगणनेतले लांबलचक प्रश्न घरोघर विचारण्याऐवजी देशभरातली थोडीच घरं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडून पाहणी केली तर भागेल का, याची आम्ही चाचणी घेत होतो. उधव्याच्या पाड्यांवर मास्तर प्रश्न विचारणार आणि साताऱ्याहून आलेला मी ते तपासणार. घर बंद दिसलं तर शेजारचं घ्यायचं, असा नियम.

मास्तरांना तो पटेना. "कुलपाला काय विचारता? कोंबड्यांना विचारा." अंगणात कोंबड्या असल्या की माणसं संध्याकाळी परतणार, हे त्यांचं शास्त्र. बायका हसत, "आलं मास्तर! कोंबड्यांची पण नावं लिवा!"

"लिहीन, पण आधी सांग, ही माणसं गेली कुठं?"

महिन्यानं त्यांचे फॉर्म आले. चौदा बंद घरांपुढे एकच शेरा: 'भेट: वाडीत.' आमच्याकडे वाडी म्हणजे वस्ती. मी उधव्याची यादी काढली. सगळे पाडेच, वाडी एकही नाही. नसलेल्या वस्तीत भेटी! लाल पेनानं लिहिलं, 'घरबसल्या भरलेले.' चौदा फॉर्म रद्द झाले आणि मास्तरांचं काम गेलं. ते काही सांगू लागले, मी ऐकलं नाही. ओळखपत्र टेबलावर ठेवून ते एवढंच म्हणाले, "माणसं खरी आहेत हो, साहेब."

पुढं बोर्डीत चिकू घेताना विकणारी म्हणाली, "वाडीतलाच हाय काका, आजच उतरवलाय."

"कुठली वाडी?"

तिनं मागच्या झाडांकडं हात केला. "ही काय!"

बागेला तिथं वाडी म्हणतात. आत उधव्याच्या बायका चिकू निवडत होत्या. एकीनं विचारलं, "मास्तर नाय आलं? सकाळच्या टेम्पोत आमच्यासंगं यायचं, फारम लिवायला."

रद्द केलेले चौदाही फॉर्म मी पुन्हा जमेस धरले. ते शेजारच्या घरांशी ताडून पाहिले, तर पोरांची शाळा, पाणी, काम, सगळी उत्तरं वेगळी. ही घरं गाळली तर पाहणी नीटनेटकी दिसणार, पण जनगणनेची जागा घेऊ शकणार नाही. बंद घरातली माणसं कामाच्या जागी गाठावीत, असं मी अहवालात लिहिलं. ते मान्य झालं. पुढच्या फेरीत प्रश्न विचारणाऱ्या मुली सकाळच्या टेम्पोत बसू लागल्या. अहवालात मास्तरांचं नाव मात्र घातलं नाही. घातलं असतं, तर माझं लाल पेनही सांगावं लागलं असतं.

२०१९ मध्ये त्यांच्या घरी गेलो. अंगणात रिकामी खुर्ची, शेजारी पाण्याचा तांब्या.

"बसा. निवडीत माझं घर कधी आलंच नाही बघा. उत्तरं सगळी तयार आहेत, विचारायलाच कोणी येत नाही."

मी वही काढली आणि पहिल्यापासून सगळे प्रश्न विचारले. मास्तर ताठ बसून उत्तरं देत होते. शेवटी विचारलं, "काल या चुलीवर किती जण जेवले?"

"एक." मग म्हणाले, "आज दोन लिहा. भाकरी आणि बोंबील आहेत."

जेवताना मी धीर केला. "मास्तर, ती वाडी..."

"हो, वाडीतलेच आहेत," म्हणत त्यांनी एक चिकू सोलून माझ्या ताटात ठेवला.

'माझी चूक झाली' हे पुढचे तीन शब्द मी त्या चिकूबरोबर गिळले.