नवनाथच्या झोपेवर डोळा

"मालन, आज नवनाथच्या झोपेचा निकाल लावतो!" पहाटे चारला अंथरुणात उठून बसत पुंजारामने जाहीर केलं.

मालनबाईने कूस बदलली. "अहो, त्याची मोडण्यापेक्षा स्वतःची शोधा."

शोधायची कुठे? अंबडच्या कंपनीत तीस वर्षं रात्रपाळी केली. निवृत्त होताना कंपनीने भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि झोप ठेवून घेतली! रात्रभर तो ते घड्याळ बघत पडून राहायचा आणि भिंतीपलीकडे नवनाथ घोरायचा. घोरणं कसलं, भरलेला ट्रॅक्टर घाट चढायचा! वर सकाळी मालनबाई म्हणायची, "झोप असावी तर नवनाथभावजींसारखी. निर्मळ मनाचा माणूस!"

म्हणजे जागा राहणारा काय दरोडेखोर? नवनाथने नवी बुलेट घेतली तेव्हा पुंजारामला काही वाटलं नव्हतं. पण त्या घोरण्याने त्याच्या अंगाची लाही व्हायची.

दार वाजवलं तर भांडण होणार. त्यापेक्षा नजर लावायची! लहानपणी तो शेजारच्या म्हशीला "काय दूध देते!" म्हणाला आणि म्हैस आटली, असं त्याची आईच सांगायची.

माकडटोपी घालून तो नवनाथच्या खिडकीशी गेला. गज धरले. आत नवनाथ तोंड उघडं टाकून पसरलेला.

"काय झोपतोय! काय झोपतोय लेकाचा!" पुंजाराम पुटपुटला. हेवा शंभर टक्के शुद्ध, भेसळ नाही!

तेवढ्यात गारठ्याने शिंक आली.

नवनाथने डोळे उघडले. खिडकीत माकडटोपी आणि टक लावलेले दोन डोळे!

"चोर! चोर!"

सातपूरची ती अख्खी गल्ली जागी झाली. नवनाथची बायको चांगुणा लाटणं घेऊन धावली.

"वहिनी, थांबा! मी पुंजाराम!"

"भाऊ? तुम्ही? इथं?"

खरं सांगितलं असतं तर लाटणंच बसलं असतं. "पावलं वाजली... म्हणून बघायला आलो. पळाला तो!"

नवनाथला गहिवरून आलं. "आम्ही ढाराढूर, आणि भाऊ आमच्यासाठी जागे!"

"मेला टक लावून बघत होता ना? नजर लावून गेला यांना!" चांगुणाने मीठ, मोहरी, मिरच्या नवनाथवरून उतरवल्या आणि तव्यावर टाकल्या. धूर झाला. ठसका आला तर नजर नाही. नाही आला तर नजर कडक.

पुंजारामच्या घशात ठसका आला होता. त्याने तो गिळला. आपली नजर कच्ची ठरलेली कोणाला आवडेल?

"बघा, एकालाही ठसका नाही!" चांगुणा म्हणाली. पुंजारामची छाती फुगली.

मग गल्लीचा पुढारी राजू बोलला, "भाऊ नाहीतरी जागेच असतात. आजपासून पहारा भाऊंकडे!" शिट्टी आली, काठी आली, प्लास्टिकची खुर्ची आली.

त्या रात्री पुंजाराम दहाला खुर्चीत बसला. सव्वादहाला त्याचा डोळा लागला! आता लपवायचं कशाला? कंपनीतही तीस वर्षं तो ड्युटीवर खुर्चीतच झोपत होता. अंगाला तीच सवय!

जाग आली तेव्हा पायावर ऊन आलेलं. दूधवाले येऊन गेलेले. काय झोप! किती वर्षांनी!

समोर खिडकीचे गज धरून नवनाथ उभा. चोराच्या धास्तीने रात्रभर जागा, डोळे लालभडक.

"काय झोपता हो भाऊ," तो म्हणाला. "काय झोपता!"

पुंजाराम खुर्चीतून उडालाच. तो घरात पळाला. "मालन, मिरच्या टाक! मूठभर टाक!"

मिरच्या तडतडल्या, तोच दारात राजू.

"भाऊ, शिट्टी द्या. पहारेकरी झोपतो अशी नवनाथची तक्रार आहे. खुर्ची आम्ही उचलली."

घर धुराने भरलं. पुंजाराम ठसक्याची वाट बघत राहिला.

ठसका काही आला नाही.