पाठवायचं राहिलेलं

आपल्या अ‍ॅड-ऑनच्या नव्या आवृत्तीतून जावईबापूंना मिळणार होता, मिळालाच तर, बायकोच्या तोंडचा एक बरा शब्द. बाकी काही नाही. अ‍ॅड-ऑन फुकट होतं आणि फुकटच राहणार होतं. नोकरीवरून आल्यावर जेवणाचं अर्धं टेबल अडवून ते जे काही करत, त्याला सासरी ‘छंद’ म्हणत. सासरी म्हणजे मुख्यतः बायकोचा थोरला भाऊ. त्याचं फरशांचं दुकान, आणि ‘जावईबापू’ हे नावही त्यानंच चिकटवलेलं. “फुकट वाटायला आम्हीही कॅलेंडरं छापतो,” तो म्हणे, “पण त्यावर दुकानाचं नाव तरी असतं.” बायको मात्र बरं-वाईट काहीच बोलत नसे, आणि जावईबापूंना लागायचं ते तेच.

तर हे अ‍ॅड-ऑन म्हणजे फोनवरच्या चॅटला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर. माणूस तावातावानं निरोप लिहितो, ऐनवेळी कच खातो आणि फोन बाजूला ठेवतो. असे अर्धवट निरोप ते जपून ठेवी. नव्या आवृत्तीत ते आपणहून विचारणार होतं, ‘हा राहिलाय, पाठवू?’ माणसानं ‘हो’ म्हटलं, तरच निरोप जाणार.

चाचणी घेताना ‘हो’ दाबून दाबून जावईबापूंचं बोट भरून आलं. मग त्यांनी तात्पुरती सोय केली. प्रश्न विचारायचाच नाही, उत्तर ‘हो’ धरायचं. ही सोय काढायची, असं त्यांनी मनात पक्कं ठरवलं होतं. मनात ठरवलेल्या गोष्टींचं जे होतं तेच तिचंही झालं.

रविवारी सासरची मंडळी जेवायला आली. वापरणाऱ्यांचा आकडा वाढावा म्हणून जावईबापूंनी सगळ्यांच्या फोनवर अ‍ॅड-ऑन आधीच टाकून ठेवलं होतं. हात पुसून त्यांनी सर्वांसमक्ष नवी आवृत्ती सोडली आणि कौतुकाच्या तयारीनं खुर्चीला टेकले.

टेबलावरचे फोन एकदम किणकिणायला लागले.

मेहुण्याच्या बायकोनं सासूबाईंना कळवलं होतं की तुम्ही परत गॅस चालू ठेवून गेलात. सासूबाईंनी तिला कळवलं होतं की तू लावलेले ते पडदे पाहून मला डोळे मिटावेसे वाटतात. दोघी शेजारी बसल्या होत्या. दोघींनी आपापला फोन शांतपणे पालथा घातला आणि एकमेकींना भात वाढायला सुरुवात केली. असा भात त्या घरात कुणी कुणाला कधी वाढला नव्हता.

बायकोचा निरोप तिच्या साहेबांना गेला होता. ‘एवढी घाई असेल तर रविवारी तुम्हीच येऊन फायली लावा.’ साहेबांचं उत्तरही आलं. उद्या भेटा.

जावईबापू घाईघाईनं आवृत्ती मागे घेत होते, तेवढ्यात त्यांचाही फोन वाजला. सगळे निरोप बायकोचे. ओला टॉवेल, ओला टॉवेल, दिवा चालूच, ओला टॉवेल. आणि मध्येच एक होता: ‘तू हे जे बनवतोस ना, ते मला फार आवडतं. पण सांगितलं तर तू नोकरी सोडून बसशील.’

त्यांनी वर पाहिलं. बायको त्यांच्याकडेच बघत होती.

“हे कधी लिहिलंस?”

“झालं वर्ष.”

“मग पाठवलं का नाहीस?”

“कारण त्यातच लिहिलंय.”

इतक्यात मेहुणा करवादला, “माझं बिघडलंय वाटतं. माझ्याकडून एकही गेला नाही.”

“तुझं बोलायचं राहतंय कुठे काही?” सासूबाई म्हणाल्या आणि ताट घेऊन उठल्या.

शेवटी पदरात काय पडलं, तर जावईबापूंना शब्द मिळाला. नोकरी आहे तिथेच आहे. पडदे बदलले, गॅसवर दोघींचं लक्ष असतं. किंमत मोजली ती बायकोनं. दर रविवारी ती ऑफिसात फायली लावते. मेहुणा जेवायला येतो तो येतोच, आणि त्याचं सगळं ऐकून घ्यायला घरात आता जावईबापू एकटे असतात.