कापलेला पाईप आणि बाबांचा आवाज

"मेकॅनिक कशाला हवा? अर्ध्या तासात पाईप जोडून दाखवतो! नाही जोडला तर नाव बदलीन!"

बाबांनी बाह्या सरसावल्या आणि आईने मुकाट्याने मलमाची ट्यूब शोधायला घेतली. इतक्या वर्षांच्या संसारात तिला तेवढं तरी कळलं होतं.

झालं होतं असं. सकाळी बाबांनी गाडी सुरू केली आणि असा गडगडाट झाला, की अख्खी गल्ली गॅलरीत आली! वाकून बघतात तर काय, धुराचा पाईप करवतीने कापलेला. सायलेन्सरच्या अलीकडे कन्व्हर्टरचा डबा असतो, त्यात म्हणे किमती धातू असतो. त्यासाठी चोर आला होता. एका बाजूने कापून झालं, तेवढ्यात कुणीतरी खाकरलं असावं. डबा तिथंच लोंबकळत टाकून पठ्ठ्या पसार!

"चोरी करायची तर धड करा ना, मेल्यांनो!" बाबा कडाडले. "अर्धवट कामं करणारी जमात! सापडू दे, तंगडंच मोडतो!"

ऑफिसात त्यांना पाठीमागे कुकर म्हणत, ते काही उगाच नाही.

आणि हे सगळं नेमकं आजच! दुपारी चिऊची ड्रायव्हिंगची परीक्षा होती. पोरगी दोनदा नापास झालेली. सोमवारपासून औषधांच्या कंपनीत नोकरी, काम गाडी घेऊन फिरायचं. परवाना नाही, तर नोकरी नाही. गाडी तिला बाबांनीच शिकवली होती. शिकवली म्हणजे, शेजारी बसून ओरडले होते. परीक्षेच्या मैदानापर्यंतही ते ओरडतच सोबत जायचे, आणि तिथं पोचेपर्यंत क्लच कुठला नि ब्रेक कुठला, हेही पोरीला सुचेनासं व्हायचं.

बाबा गाडीखाली शिरले. तेलाचा रिकामा डबा कापून पाईपभोवती गुंडाळला, वर तार आवळली. गाडी सुरू करून पाहिली. आवाज जरा कमी! खूश होऊन ते पुन्हा खाली शिरले आणि पत्रा घट्ट बसलाय का म्हणून तापलेल्या पाईपालाच हात घातला.

त्यानंतर जे काही बाहेर पडलं, ते चोराच्या सात पिढ्यांना पुरेल एवढं होतं.

"मलम इथंय," आई म्हणाली.

उजव्या हाताला हे मोठं बँडेज! आता चालवणार कोण? चिऊ स्टिअरिंगवर बसली, बाबा शेजारी. आधी गॅरेज, मग परीक्षा. फाटकापाशीच बाबांनी गुंडाळलेला पत्रा खणखणत निखळून पडला आणि गाडी पुन्हा गरजायला लागली.

"क्लच! अगं क्लच! गिअर बदल! समोर बघ, समोर!" बाबा घसा फोडून ओरडत होते. पण ऐकू कुणाला जातंय? त्यांचं त्यांनाच ऐकू येत नव्हतं! चिऊने एकदा वळून पाहिलं. बाबांचं तोंड नुसतं उघडत होतं आणि मिटत होतं. ती हसली आणि निवांत चालवायला लागली. चौक झाला, चढ झाला, गॅरेजच्या अरुंद बोळात तर तिने गाडी एका दमात मागे घेतली.

"हात छान आहे हो पोरीचा!" मिस्त्री म्हणाले.

"मी शिकवलंय!" बाबांनी छाती फुगवली, आणि लगेच मिस्त्रींवर घसरले. "आता बघत काय बसलात? लावा तो पाईप!"

मिस्त्रींनी लोंबकळणारा कन्व्हर्टर जागेवर बसवला, पाईप जोडून वेल्डिंग मारलं. गाडी मांजरासारखी गुरगुरायला लागली. चिऊने गिअर टाकला.

"क्लच! किती वेळा सांगू, क्लच!!"

गाडीने गचका खाल्ला आणि बंद पडली. पुन्हा सुरू केली. "अगं, हँडब्रेक! डोळे आहेत की बटणं?" पुन्हा बंद!

चिऊच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने काच खाली केली. "मिस्त्रीकाका, तो पाईप आजच्या दिवस परत कापून देता का?"

मिस्त्रींनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा बाबांकडे. "ताई, गाडीचा आवाज मी बंद केला. दुसरा आवाज माझ्या हातातला नाही."

बाबांचं तोंड लालबुंद झालं. आता शिटी होणार, असंच सगळ्यांना वाटलं! पण त्यांची नजर पोरीच्या ओल्या डोळ्यांवर गेली. ते दार उघडून खाली उतरले.

"तुम्ही जा हिच्याबरोबर," ते मिस्त्रींवर खेकसले. "आणि नीट शिकवा तिला रस्ताभर!"

मग गॅरेजमधल्या एका जुन्या टायरवर बसून दुपारभर ते चोराला, पाईपाला आणि त्या टायरला शिव्या घालत राहिले.

संध्याकाळी गाडी बोळात शिरली ती हॉर्न वाजवतच. "बाबा, पास झाले!"

बाबांनी डोळे पुसले, धूर गेला असं सांगितलं. मग न राहवून विचारलंच, "मिस्त्रीने रस्ताभर असं काय शिकवलं गं?"

"कुठलं काय! ते जाताना जे झोपले, ते परीक्षा संपल्यावरच उठले."