दर महिन्याची भाऊबीज

दहाच्या नोटेच्या डाव्या कोपऱ्यावर कुंकवाचा एक ठिपका होता, मुगाच्या दाण्याएवढा. कालिंदी सबनीसने काडीच्या टोकाने त्यावर लिंबाच्या रसाचा थेंब टेकवला. ठिपका पिवळा झाला. हळदीत चुना पडला की तिचे कुंकू होते आणि त्यावर आंबट पडले की पुन्हा हळद होते, हे तिला कॉलेजपासून ठाऊक होते. मात्र हा प्रयोग पगाराच्या नोटेवर करण्याची वेळ येईल, असे अभ्यासक्रमात कुठे म्हटलेले नव्हते.

नोटेला कुंकू लागण्याचे कारण निव्वळ प्रशासकीय होते. कलकत्त्यात खिदिरपूरच्या गोदीजवळ मुळगावकर परीक्षणशाळा होती. परदेशी जाणारी लाख शुद्ध आहे की तिच्यात राळ मिसळली आहे, हे तिथे तपासून मिळे. मालक शरच्चंद्र मुळगावकर. सगळे त्यांना दादा म्हणत. दादांकडे पगार होत नसे, भाऊबीज होई. महिन्याच्या एक तारखेला दादा टोपी घालून पाटावर बसत. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या कालिंदी, सरला आणि लीना त्यांना ओवाळीत. दादा तबकात नोटा टाकीत, गहिवरत आणि त्यातली एक नोट परत उचलून घेत. ही उचललेली नोट म्हणजे प्राप्तिकर. ती गणपतीपुढच्या डब्यात जाई.

हिशेबनीस दत्तात्रयला ओवाळता येत नसल्यामुळे त्याची दर महिन्याला भिक्षावळ होई. तो पन्नाशीचा होता, दोन मुलींचा बाप होता. पण झोळी पसरून 'ॐ भवति भिक्षां देहि' म्हटल्याखेरीज त्याच्या घरी वाणसामान येत नसे.

"पगार लिहिला की नोकर लिहावे लागतात," दादा समजावून सांगत. "नोकर लिहिले की काम लिहावं लागतं. काम लिहिलं की कमाई. एवढ्या लिहालिहीत माणुसकी कुठे राहते, ताई?"

कालिंदीने पाच वर्षे ओवाळले. मग सरकारी प्रयोगशाळेत रसायनज्ञाची जागा निघाली. तिचा नवरा मुकुंद छातीच्या दुखण्याने वर्षभर अंथरुणाला खिळला होता; सरकारी नोकरी मिळाली तर त्याच्यावर इस्पितळात उपचार होणार होते आणि राहायला हवेशीर जागाही मिळणार होती. अट एकच. पाच वर्षे पगारी नोकरी केल्याचा मालकाचा दाखला हवा.

"मागितलास?" मुकुंदने विचारले.

"धीर होत नाही. पाटावर बसलेल्या माणसाकडे दाखला कसा मागायचा, सांगा ना."

"ओवाळताना माग. वाटल्यास एक वात जास्त लाव."

तिने मागितला. दादांचे डोळे भरून आले.

"भावानं बहिणीला दाखला द्यायचा? कसला? बहीण असल्याचा? अगं, आमची नलिनी बघ. आबा गेल्यावर नागपूरहून आली. म्हटलं, नलू, इथे सही कर, वडिलांच्या इस्टेटीतला हक्क सोडते म्हणून. वाचलंसुद्धा नाही तिनं! मी ढाक्याची साडी नेसवली तिला. याला म्हणतात बहीण. आणि तू दाखले मागतेस!"

दाखला मिळाला नाही. तेव्हा कालिंदीने प्राप्तिकर कार्यालयाला एक साधा अर्ज लिहिला. आपल्या पगारातून दरमहा कापला जाणारा कर सरकारकडे जमा झाल्याचा पुरावा मिळावा. पगाराचा कागद नसला तरी कराचा असेल, असे तिला वाटले. विज्ञान शिकलेल्या माणसांचा व्यवस्थेवर असा भाबडा विश्वास असतो.

सुनावणी लागली. अधिकारी गुरुदत्त कारेकर मुंबईहून बदलून आलेले होते. कलकत्त्यात मराठी माणूस समोर आला की त्यांच्यातला अधिकारी अर्धा रजेवर जाई. त्यांनी दादांना संदेश मिठाई दिली, चहा दिला आणि गणेशोत्सवातल्या नाटकाची चौकशी केली. मग ते कामाकडे वळले.

"या बाई तुमच्याकडे नोकरीला आहेत?"

"छे, छे! बहीण आहे माझी."

"अर्जात तर पगार, करकपात असे शब्द आहेत."

"सायन्स शिकलीय हो. भावनेची बाजू जरा कच्ची राहिली."

कारेकरांनी नियमांचे पुस्तक उघडले. "मानलेली बहीण असेल तर संशयाला जागा राहते. सख्खी असेल तर फाइल आज बंद करता येईल."

दादांनी एकदा कालिंदीकडे पाहिले आणि एकदा फाइलीकडे.

"सख्खीच."

"एका आईची?"

"एका आईची, एका बापाची. आबांची धाकटी लेक! आषाढात आबा गेले, तेव्हा त्यांचा जीव हिच्यातच अडकला होता."

घोषालबाबू नावाच्या कारकुनांनी जबाब उतरवून घेतला. दादांनी सही केली. शिक्का तेवढा मारायचा राहिला.

"आणि कापलेला कर?" कालिंदीने विचारले.

"ओवाळणीवर कर नसतो, बाई. म्हणजे तो कापलाच गेलेला नाही," कारेकर म्हणाले. "खरं सांगायचं तर एवढ्या रकमेला, पगार असता तरी कर लागला नसता."

"मग डब्यात गेलेल्या नोटा?"

"त्या देवाला पोचल्या. ते खातं आमच्याकडे येत नाही."

कालिंदीने पदर नीट केला. तराजूचा काटा स्थिरावेपर्यंत ती जशी थांबे, तशी ती क्षणभर थांबली.

"मग मला या जबाबाची नक्कल हवी."

"नक्कल कशाला गं, ताई?" दादांनी प्रेमाने विचारले.

"वारस म्हणून नाव लावायला. परीक्षणशाळा, गोदीजवळची जागा, बालीगंजचं घर, सगळं आबांनी स्वतः कमावलेलं, असं तुम्हीच सांगता. यंदा, छप्पनच्या जूनमध्ये, नवा वारसा कायदा आला, आबा त्यानंतर गेले. आता लेकीला लेकाच्या बरोबरीनं हिस्सा आहे. नलिनीताईंनी सही करून दिली. मी दिलेली नाही, दादा."

खोलीतला पंखा करकरत होता. कारेकरांनी पुस्तक मिटले. त्यांना तीन बहिणी होत्या आणि तिघींच्या सह्या या दिवाळीतच, फराळाच्या ताटावर, घेऊन झाल्या होत्या. घोषालबाबूंची बहीण बराकपूरला होती. तिला पुढच्या रविवारी मिठाई घेऊन भेटायचे ठरले होते. त्या खोलीत असे तीन भाऊ बसले होते. ही कथा वाचणाऱ्यांत किती आहेत, याची नोंद ठेवलेली नाही; अशा नोंदी घरच्या माणसांत ठेवत नाहीत.

"अहो बाई," कारेकर दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "कुठली बहीण असं मागते?"

"मी पगाराचा कागद मागायला आले होते, साहेब. बहीण मला तुम्ही दोघांनी केलंत."

दादांचा चेहरा लालाचा पिवळा झाला. कालिंदीने तो बदल शांतपणे पाहिला. लिंबू लागले नव्हते.

"मुळगावकर," कारेकर हलकेच म्हणाले, "अजून शिक्का मारलेला नाही. जबाब बदलता येईल. थोडा दंड बसेल, मागचे पगार नोंदवावे लागतील, दाखला द्यावा लागेल. पण इमारत वाचेल."

दादांनी टोपी काढली, पुसली, पुन्हा घातली. त्यांनी घोषालबाबूंकडे पाहिले, शिक्क्याकडे पाहिले, कालिंदीच्या भांगातल्या कुंकवाकडे पाहिले. या खेपेला त्यांना गहिवर आला नाही.

"ही माझी बहीणबिहीण कोणी नाही," ते बाहेरच्या व्हरांड्यात ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले. "पगारी नोकर आहे ही माझी, एक्कावन्न सालापासून. घोषालबाबू, लिहून घ्या!"